परदेशात जेवण मागवताना : ओळखीच्या शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची सांगलीची. गेली अकरा वर्षं इंग्लंडच्या उत्तरेला, लीड्समध्ये राहते आणि नोकरीमुळे इतर देशांतही जाणं होतं. दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आई-बाबा इकडे येतात, सप्टेंबरात विद्यार्थी येतात आणि जेवणाबद्दलचे सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे बरीच उत्तरं त्या बाजूने दिली आहेत. मांसाहार करणाऱ्यांनाही शब्दांचा उपयोग होईल, विशेषतः गाय किंवा डुक्कर न खाणाऱ्यांना.

इंग्रजी बऱ्यापैकी येतं. मग हॉटेलात अडचण का यावी?

कारण अडचण अनोळखी शब्दांमुळे होत नाही, ओळखीच्या शब्दांमुळे होते. मेनूवर काहीतरी अगम्य फ्रेंच नाव दिसलं की आपण आपसूक विचारतो, "यात काय असतं?" पण ग्रेव्ही, बिस्किट, पुडिंग, जेली, भाजी हे शब्द दिसले की कुणी विचारत नाही. आपण लहानपणापासून वापरतोय ते शब्द! इकडे त्याच शब्दांनी वेगळाच पदार्थ ताटात येतो.

सुरुवात 'हॉटेल' शब्दापासूनच होते. आपण जेवायला हॉटेलात जातो. ब्रिटन-अमेरिकेत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा, आणि ऑस्ट्रेलियात अनेक जुन्या पबांच्या पाटीवर 'हॉटेल' लिहिलेलं असतं. भूक लागली असेल तर रेस्टॉरंट किंवा कॅफे कुठे आहे असं विचारा.

'व्हेज' म्हटलं की कळतं का?

बहुतेक ठिकाणी नाही, आणि अर्धवट कळतं ते जास्त त्रासाचं. 'व्हेज' आणि 'नॉन-व्हेज' ही आपली भारतीय इंग्रजी आहे. ब्रिटनमध्ये 'व्हेज' म्हणजे जेवणाबरोबर वाढलेल्या उकडलेल्या भाज्या. "आय वॉन्ट व्हेज" म्हणालात तर मांसाच्या ताटाबरोबर गाजर आणि वाटाणे येतील.

'व्हेजिटेरियन' म्हणा. पण त्यातही एक मोठा फरक आहे. आपल्याकडे अंडं मांसाहारात धरतात आणि पाकिटावरचा हिरवा ठिपकाही अंड्याच्या पदार्थाला मिळत नाही. युरोप-अमेरिकेत व्हेजिटेरियन माणूस अंडं खातो असंच गृहीत धरतात. तुम्ही अंडं खात नसाल तर ते वेगळं सांगावंच लागतं. 'एगलेस' हा शब्दही तिकडे फारसा चालत नाही. "नो एग्ज" असं सरळ म्हणा.

आता मेनूवरच्या खुणा. ब्रिटनमध्ये पदार्थापुढे इंग्रजी 'व्ही' असेल तर बहुधा शाकाहारी, आणि त्याला 'ई' किंवा 'जी' जोडलेलं असेल तर बहुधा व्हीगन, म्हणजे दूध-अंडंही नाही. पण काही ठिकाणी नुसत्या 'व्ही'चा अर्थ व्हीगन असतो आणि 'व्हीजी'चा अर्थ व्हेजिटेरियन. म्हणून मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात खुणांचा खुलासा दिलेला असतो, तो आधी वाचा. अंडं टाळायचं असेल तर सर्वांत सोपी वाट म्हणजे व्हीगन पदार्थ मागवणं. सोबत दूध-दही वेगळं घेता येतं.

मी सगळ्यांना एकच वाक्य पाठ करायला सांगते: "नो मीट, नो चिकन, नो फिश, नो एग्ज. मिल्क अँड बटर आर फाइन." चिकन आणि फिश वेगळे उच्चारायचे, कारण 'मीट' म्हटल्यावर या दोन गोष्टी त्यात येतातच असं जगात सगळीकडे मानत नाहीत. स्पेनमध्ये 'कार्ने नको' म्हटलं तरी सॅलडवर ट्यूना मासा येतो. तिथलं 'व्हेखेताल' नावाचं सँडविच तर नावावरून भाज्यांचं वाटतं, पण आत बहुतेक वेळा ट्यूना आणि उकडलेलं अंडं असतं.

आणि शेवटी, पदार्थात मांसाचे तुकडे नाहीत म्हणजे मांस नाही असं नव्हे. सूप कशाच्या पाण्यात केलंय हे विचारा. जपानमध्ये मिसो सूप, नूडल्स, अगदी भाज्यांची उकडही 'दाशी' नावाच्या पाण्यात करतात आणि ते पाणी बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचं असतं. थायलंडमध्ये मिठाऐवजी फिश सॉस पडतो. इटलीतलं अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाशिवाय, होतच नाही. सीझर सॅलडच्या सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे बारीक मासे असतात.

ग्रेव्ही म्हणजे रस्साच ना?

नाही. आणि या एका शब्दावर मी सर्वांत जास्त जीव तोडून सांगते, कारण हे माझ्या डोळ्यांदेखत झालं आहे.

बाबा पहिल्यांदा लीड्सला आले तेव्हाची गोष्ट. पावसात भिजून आम्ही चिप्सच्या, म्हणजे इकडच्या तळलेल्या बटाट्याच्या फोडींच्या, एका छोट्या दुकानात शिरलो. काउंटरवरच्या मुलीने अगदी प्रेमाने विचारलं, "ग्रेव्ही ऑन इट, लव्ह?" बाबांना वाटलं, वर थोडा रस्सा घालून हवाय का विचारतेय, मिसळीच्या तर्रीसारखा. ते खूश होऊन म्हणाले, "येस, येस, लिटल मोअर." मी पैसे देऊन वळले तर पांढऱ्या कागदावर जाडजूड चिप्स, त्यावर तपकिरी दाट रस ओघळतोय, आणि बाबांनी लाकडी काट्याने पहिला घास उचललेला. मी त्यांचा हात धरला. जन्मात कधी अंडंही न खाल्लेला माणूस. त्या मुलीची काही चूक नव्हती, बाबांचीही नव्हती. शब्द एकच होता.

इकडे ग्रेव्ही म्हणजे मांस भाजताना सुटलेल्या रसात पीठ घालून केलेला दाट सॉस. पावडरीपासून केलेली ग्रेव्ही काही वेळा मांसाविना असते, पण ते पाकीट पाहिल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडे पांढरी ग्रेव्ही असते, ती पाहून दुधाची वाटते. तिच्यात बहुधा डुकराच्या सॉसेजचे कण असतात. कॅनडात पुटीन नावाचा पदार्थ मिळतो, फ्राइजवर चीजचे गोळे आणि ग्रेव्ही. ती ग्रेव्हीही मांसाच्या पाण्याचीच. व्हेजिटेरियन पुटीन वेगळं मागावं लागतं.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट मला कळली. आमच्या यॉर्कशरमध्ये चिप्सच्या बऱ्याच दुकानांत तळण गाईच्या चरबीचं असतं. त्याला 'बीफ ड्रिपिंग' म्हणतात आणि त्याची पाटी अभिमानाने दारावर लावतात. त्यामुळे नुसते चिप्ससुद्धा विचारूनच घ्या: "इज इट फ्राइड इन व्हेजिटेबल ऑइल?" दक्षिण इंग्लंडात तेलाचं प्रमाण जास्त आहे. आणि तेल वनस्पतीचं असलं तरी त्याच कढईत मासे तळलेले असू शकतात, हेही विचारा.

चिप्स, फ्राइज, क्रिस्प्स : नेमकं काय मागायचं?

आपले बटाट्याचे वेफर्स ब्रिटनमध्ये 'क्रिस्प्स', अमेरिकेत 'चिप्स'. बटाट्याच्या गरम उभ्या फोडी ब्रिटनमध्ये 'चिप्स', अमेरिकेत 'फ्राइज'. ऑस्ट्रेलियात दोन्हींना चिप्सच म्हणतात, फरक करायचा तर 'हॉट चिप्स' म्हणतात. ब्रिटनमध्ये 'वेफर' मागितलंत तर आइस्क्रीमबरोबरचं पातळ बिस्किट मिळेल.

फ्राइजमध्ये तेल वनस्पतीचं आहे एवढ्यावर थांबू नका. अमेरिकेतल्या फास्ट फूडच्या एका मोठ्या साखळीने वनस्पती तेल वापरायला लागल्यानंतरही फ्राइजना बीफपासून केलेला स्वाद लावणं चालू ठेवलं होतं. त्यावरून तिथल्या हिंदू आणि शाकाहारी ग्राहकांनी खटले भरले आणि २००२ साली कंपनीने १ कोटी डॉलरची तडजोड केली. म्हणून घटकांची यादी वाचायची सवय लावा.

बिस्किट, पुडिंग, जेली हे तर गोडच असणार?

अमेरिकेत बिस्किट म्हणजे खारट, मऊ, पदर सुटलेला लहान पाव. सकाळी तो त्या पांढऱ्या ग्रेव्हीबरोबर खातात. चहात बुडवायचं बिस्किट हवं असेल तर 'कुकी' म्हणा.

ब्रिटनमध्ये 'पुडिंग' हा गोड पदार्थासाठीचा सर्वसाधारण शब्द आहे, पण 'ब्लॅक पुडिंग' हे डुकराच्या रक्ताचं सॉसेज आहे आणि इंग्लिश न्याहारीच्या ताटात ते बऱ्याचदा असतं. 'यॉर्कशर पुडिंग' गोड नसतं. अंडं, मैदा, दूध यांचं फुगलेलं वाटीसारखं भजं म्हणा, आणि पारंपरिक रीतीने तेही चरबीत भाजतात.

जेली म्हणजे ब्रिटनमध्ये थरथरणारी गोड वडी, जिलेटिनची, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या पदार्थाची. अमेरिकेत जेली म्हणजे पावाला लावायचा फळांचा पारदर्शक जॅम, तो बहुतेक वेळा चालतो. मार्शमेलोमध्येही जिलेटिन असतं. मुलांना घेऊन देताना लक्ष ठेवा.

नाताळात 'मिन्स पाय' मिळतात. नाव खिम्यासारखं, पण आत मनुका, सफरचंद आणि मसाले. मात्र त्यात घालायची चरबी परंपरेने गाईची. आता वनस्पतीची चरबी वापरलेले मिन्स पाय दुकानात सहज मिळतात, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं.

मेनूवर 'आँत्रे' लिहिलेलं असतं, ते आधीचं की मुख्य जेवण?

फ्रान्स, क्वेबेक आणि ऑस्ट्रेलियात सुरुवातीचा छोटा पदार्थ. अमेरिकेत आणि इंग्रजी कॅनडात मुख्य जेवण. सिडनीत दोघांनी फक्त आँत्रे मागवले तर अर्धपोटी उठाल. शिकागोत आधी म्हणून आँत्रे मागवला तर त्यातच पोट भरेल.

भाज्यांची नावं बदलतात का?

हो, आणि इथे आपली भारतीय इंग्रजी नावं जवळजवळ सगळी अडतात. वांगं म्हणजे आपलं 'ब्रिंजल': ब्रिटनमध्ये ऑबर्जिन, अमेरिका-ऑस्ट्रेलियात एगप्लँट. (एगप्लँटमध्ये अंडं नसतं. माझ्या मावशीने त्या नावामुळे न्यूजर्सीत दोन आठवडे त्या पदार्थाकडे पाहिलं नव्हतं.) भेंडी म्हणजे ओक्रा. 'लेडीफिंगर' म्हणालात तर अमेरिकेत लांबट स्पंज बिस्किट हातात येईल, अंड्याचं. कोथिंबीर ब्रिटनमध्ये कोरिअँडर. अमेरिकेत पाला 'सिलान्ट्रो' आणि धणे 'कोरिअँडर'. ढोबळी मिरचीला ऑस्ट्रेलियात आपल्यासारखंच कॅप्सिकम म्हणतात, ब्रिटनमध्ये पेपर, अमेरिकेत बेल पेपर. आपण 'पेपर' म्हणताना मिरी डोळ्यांसमोर आणतो, म्हणून हा शब्द गोंधळाचा. छोले मेनूवर 'चिकपीज' असतात, अमेरिकेत काही ठिकाणी 'गार्बान्झो'.

दही मागताना 'कर्ड' म्हणू नका. ब्रिटनमध्ये 'लेमन कर्ड' म्हणजे लिंबू, साखर, लोणी आणि अंडी यांचा गोड लेप. कॅनडा-अमेरिकेत 'कर्ड्स' म्हणजे चीजचे गोळे. 'प्लेन योगर्ट' म्हणा. 'प्लेन' विसरलात तर व्हॅनिला घातलेलं गोड दही येतं आणि कोशिंबीर वाया जाते.

उपवासाचा साबुदाणा 'टॅपिओका पर्ल्स' नावाने मिळतो. शिंगाड्याचं सांभाळा: चिनी हॉटेलातला 'वॉटर चेस्टनट' आणि आपला शिंगाडा यांना इंग्रजी नाव एकच, पण त्या दोन वेगळ्या वनस्पती आहेत.

आपले मराठी शब्द कुठे चालतात का?

चालतात, आणि हा मला सर्वांत आवडणारा प्रश्न आहे. पाव, बटाटा, कोबी, काजू हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आले, गोवा-वसईच्या वाटेने. लिस्बनच्या बेकरीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा पोर्तुगीज अजिबात येत नव्हतं. काचेमागे गोल, वरून पीठ भुरभुरलेले पाव रचलेले. मी बोट दाखवून म्हटलं, "पाव." काउंटरमागच्या आजींनी मान हलवली आणि माझा शब्द दुरुस्त करून परत दिला, नाकातून: "पांव." मग दोन बोटं वर करून किती हवेत ते विचारलं. मी पुढे नुसतं 'बटाटा' म्हणून पाहिलं, तर त्यांनी शेजारच्या काचेतल्या तळलेल्या बटाट्याकडे हात केला. चहाला ते 'शा' म्हणतात, त्यावरही अडत नाही.

अरबी बोलणाऱ्या देशांतही बटाट्याला 'बटाटा' किंवा 'बतातिस' म्हणतात, त्यामुळे आखातात तो शब्द चालतो. ब्राझीलमध्येही चालतो. पण स्पेन आणि अर्जेंटिनात 'बताता' म्हणजे रताळं! स्पेनमध्ये बटाट्याला 'पताता' म्हणतात आणि लॅटिन अमेरिकेत 'पापा'.

पोर्तुगालमध्येच एक सावधगिरी. 'काल्दो व्हेर्दे' म्हणजे हिरवं सूप, कोबीच्या कुळातल्या पाल्याचं आणि बटाट्याचं. नाव वाचून मन निर्धास्त होतं. पण त्यात वर डुकराच्या सॉसेजच्या चकत्या टाकतात. "शोरीसो नको" असं आधीच सांगा, आणि सूप कशात शिजवलंय तेही विचारा.

पाव इंग्लंडमध्ये काय म्हणून मागायचा?

गावागणिक वेगळं नाव आहे. मँचेस्टरकडे 'बार्म', नॉटिंगहॅमला 'कॉब', कोव्हेंट्रीत 'बॅच', इतरत्र 'बॅप', 'बन' किंवा 'रोल'. 'ब्रेड रोल' सगळीकडे समजतं. चिप्स घातलेल्या पावाला 'चिप बटी' म्हणतात; वडापावाची आठवण आली तर तो खाऊन पाहा, तळण विचारून. जर्मनीतही हेच: उत्तरेला 'ब्रोट्शन', बव्हेरियात 'झेमेल', बर्लिनमध्ये 'श्रिपे'.

लेमोनेड म्हणजे लिंबू सरबत, हे तरी बरोबर आहे ना?

अमेरिकेत हो. ब्रिटनमध्ये लेमोनेड म्हणजे बाटलीतलं फसफसणारं गोड पेय.

'सायडर' जपून. अमेरिकेत नुसतं सायडर म्हणजे सफरचंदाचा गढूळ रस, दारू नसलेला. दारू हवी तर 'हार्ड सायडर' म्हणावं लागतं. ब्रिटनमध्ये सायडर म्हणजे दारूच. जपानमध्ये 'साइदा' म्हणजे साधं गोड सोडा-पेय, लहान मुलं पितात. तीन देश, एक शब्द.

आपला साधा सोडा अमेरिकेत 'क्लब सोडा' किंवा 'स्पार्कलिंग वॉटर' म्हणून मागा, कारण तिथे 'सोडा' म्हणजे कुठलंही गोड थंड पेय. दक्षिणेकडच्या राज्यांत 'टी' म्हटलं की बर्फ घातलेला गोड चहा येतो, 'हॉट टी' म्हणावं लागतं. आमच्या उत्तर इंग्लंडात तर 'टी' हे रात्रीच्या जेवणाचंही नाव आहे. शेजारणीने "कम फॉर टी" म्हटलं तर घरी जेवून जाऊ नका.

पाण्याबद्दल: जर्मनीत नुसतं पाणी मागितलं की बहुधा बुडबुड्यांचं पाणी येतं. 'श्टिलेस वासर' म्हणा. इंग्लंडमध्ये दारूचा परवाना असलेल्या ठिकाणी नळाचं पिण्याचं पाणी मागितलं तर फुकट द्यावं लागतं, फ्रान्समध्ये 'काराफ दो', म्हणजे नळाच्या पाण्याचा जग, मागा.

बाबांना मधुमेह आहे. सिंगापूरला बिनसाखरेचा चहा कसा मागायचा?

सिंगापूर-मलेशियात चहा-कॉफीची स्वतंत्र बोली आहे आणि ती शिकायला दहा मिनिटं पुरतात. 'तेह' म्हणजे चहा, 'कोपी' म्हणजे कॉफी. नुसतं 'तेह' म्हटलं की घट्ट गोड कंडेन्स्ड दूध घातलेला चहा येतो. मधुमेह असलेल्याला तो नकोच. मागे 'ओ' लावलं की दूध नाही, पण साखर आहे. 'सी' लावलं की आटवलेलं बिनगोड दूध आणि साखर. 'कोसोंग' म्हणजे मलायमध्ये रिकामं, म्हणजे साखर नाही. म्हणून तुमच्या बाबांसाठी वाक्य असं: "तेह-सी कोसोंग." थोडी साखर चालत असेल तर "स्यू दाय". आल्याचा चहा हवा तर "तेह हालिया", पण तोही गोड असतो, साखरेचं सांगायला विसरू नका.

तिथेच 'कॅरट केक' नावाचा पदार्थ दिसेल. त्यात गाजर नाही आणि तो केकही नाही. तांदळाचं पीठ आणि पांढरा मुळा यांच्या वड्या अंडं घालून परततात.

युरोपात पिझ्झा मागवताना काय सांभाळायचं?

अमेरिकेत पेपरोनी म्हणजे मांसाचं तिखट सॉसेज. इटलीत 'पेपेरोनी' म्हणजे ढोबळी मिरची, आणि जर्मनीत 'पेपेरोनी' म्हणजे तिखट मिरची. इटलीत हा शब्द पाहून शाकाहाऱ्याने पळायचं कारण नाही. तिथे 'लाते' मागवलंत तर मात्र कॉफी नाही, पेलाभर दूध येईल, 'काफेलाते' म्हणा.

जर्मनीत 'केझे' म्हणजे चीज हे शिकून घेतलं की माणूस फार खूश होतो, आणि मग 'लेबरकेझे' पाहून फसतो. त्यात चीज नसतं, ती मांसाची भाजलेली वडी असते. उलट कोलोनमध्ये 'हाल्व्हर हान' म्हणजे शब्दशः अर्धा कोंबडा, पण ताटात येतो राय नावाच्या धान्याचा पाव आणि चीज. 'श्पेक' म्हणजे डुकराची खारवलेली चरबी-मांस, हा शब्द पाठ करून ठेवा. बटाट्याच्या, कांद्याच्या पदार्थांतही तो असतो.

मेक्सिकोत आणि स्पेनमध्ये भाषा एकच, मग शब्दही तेच?

नाही. मेक्सिकोत तोर्तिया म्हणजे मक्याची भाकरी, आपल्याला अगदी जवळची. स्पेनमध्ये तोर्तिया म्हणजे अंडी आणि बटाटा यांचं जाड ऑम्लेट. 'मान्तेका' मेक्सिको आणि स्पेनमध्ये डुकराची चरबी, अर्जेंटिनात लोणी. मेक्सिकोतला घोटलेला घेवडा दिसायला आपल्या उसळीसारखा, पण परंपरेने मान्तेकात परततात, म्हणून "सिन मान्तेका" सांगायचं. 'तिंतो' मागितलं की कोलंबियात काळी कॉफी आणि स्पेनमध्ये रेड वाइन.

भारतीय हॉटेलात गेलो तर हा सगळा त्रास वाचेल?

बराचसा. पण तिथेही आपले शब्द फिरून वेगळे झालेत. ब्रिटनमध्ये 'ओनियन भाजी' म्हणजे कांदा भजी, आणि काही ठिकाणी त्या पिठात अंडंही असतं. त्याच मेनूवर 'साग भाजी' म्हणजे पालकाची सुकी भाजी. 'बॉम्बे मिक्स' म्हणजे फरसाण. 'पेशवारी नान'चा पेशव्यांशी संबंध नाही, ते पेशावरचं, आत खोबरं-मनुका-बदाम, चवीला गोड.

त्रिनिदादमध्ये भारतीय वंशाचे लोक 'भाजी' म्हणतात ती पालेभाजी. तिथे 'डबल्स' जरूर खा: दोन मऊ 'बारा' म्हणजे तळलेल्या छोट्या रोट्या, त्यांमध्ये छोले, वर चटण्या. गाडीवाला 'पेपर' किती विचारतो, म्हणजे तिखट किती. 'स्लाइट' म्हणा, तिथली मिरची आपल्या लवंगीलाही ऐकत नाही.

मॉरिशसला पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत. तिथली 'ढोल पुरी' हातात घेतली की पुरणपोळीच आठवते, फक्त डाळीत गूळ नाही. 'गातो पिमां' म्हणजे फ्रेंचमध्ये मिरचीचा केक. खाऊन पाहिलात तर डाळवडा.

शाकाहारी लोक जवळजवळ नसलेल्या देशात काय करायचं?

तिथला उपवासाचा शब्द शोधा. ही मला उशिरा सुचलेली युक्ती आहे आणि तिने कधी दगा दिलेला नाही. इथिओपियात ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करतात आणि त्या दिवशी मांस, दूध, अंडी सोडतात. "येत्सोम" म्हणजे उपवासाचं. आंबवलेल्या पिठाच्या मोठ्या धिरड्यावर डाळी, कोबी, पालेभाज्या मांडून येतात. व्हिएतनाममध्ये 'चाय' अशी पाटी दिसली तर तो चहा नव्हे, शाकाहार; अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास अनेक घरी तो पाळतात. थायलंडमध्ये 'जे' म्हणा, त्यात कांदा-लसूणही नसतो. ग्रीसमध्ये 'निस्तीसिमो' म्हणजे उपवासाचं, पण तिथे कोळंबी आणि ऑक्टोपस उपवासाला चालतात, तेवढं वेगळं नाकारा.

अंडं टाळायला 'अ‍ॅलर्जी आहे' असं सांगितलं तर?

सांगू नका. अ‍ॅलर्जी म्हटली की स्वयंपाकघरात भांडी बदलतात, ओटा पुसतात, कधी कधी जेवण द्यायलाच नकार देतात. नंतर तुम्ही अंड्याचा केक खाताना दिसलात तर पुढच्या खऱ्या रुग्णाचं कुणी ऐकणार नाही. "धर्मामुळे खात नाही" किंवा "आयुष्यात कधी खाल्लं नाही" हे लोकांना कळतं.

खरी अ‍ॅलर्जी असेल तर मात्र ठणकावून सांगा. ब्रिटन आणि युरोपीय संघात १४ घटकांची माहिती द्यावीच लागते, अमेरिकेत पाकिटावर ९ मुख्य घटक लिहावे लागतात. तीळ त्यात २०२३ पासून आले. शेंगदाण्याला 'ग्राउंडनट' म्हणू नका, 'पीनट' म्हणा. आणि अंडं या दोन्ही याद्यांत असल्यामुळे अ‍ॅलर्जीचा तक्ता मागून वाचणं हा शाकाहाऱ्यालाही उपयोगी मार्ग आहे. त्यासाठी खोटं बोलावं लागत नाही.

विमानात 'हिंदू मील' निवडलं, चालेल ना?

शाकाहारी असाल तर नाही. 'एचएनएमएल' हे हिंदू मील सामिष असतं, त्यात गोमांस मात्र नसतं. तुम्हाला हवं ते 'एव्हीएमएल', म्हणजे एशियन व्हेजिटेरियन. कांदा-लसूण-कंद नको असतील तर 'व्हीजेएमएल', जैन. नुसतं 'व्हीएलएमएल' घेतलंत तर त्यात अंडं येऊ शकतं. तिकीट काढतानाच नोंदवा, आयत्या वेळी मिळत नाही.

पार्सल, बिल हे शब्द चालतात?

आखातात चालतात. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात 'टेकअवे', अमेरिकेत 'टू गो', सिंगापूरला 'तापाव'. 'पार्सल' म्हणजे इकडे पोस्टाने येतं ते. अमेरिकेत बिलाला 'चेक' म्हणतात, पण बिल म्हटलं तरी समजतं.

आई-बाबा एकटेच फिरायला जाणार आहेत. त्यांच्याजवळ काय द्यावं?

एक कार्ड. ग्रेव्हीच्या प्रसंगानंतर मी बाबांसाठी केलं, मग ते आमच्या ओळखीत इतक्या जणांनी मागून घेतलं की मी त्याचा नमुनाच ठेवला आहे. जाड कागद, मोठी अक्षरं, ज्या देशात जाणार तिथली भाषा वर आणि खाली मराठी, म्हणजे आपण काय दाखवतोय ते त्यांना कळतं. मजकूर असा:

"मी मांस, कोंबडी, मासे आणि अंडी खात नाही. त्यांचं सूप, चरबी, सॉस किंवा जिलेटिनही नको. दूध, दही, लोणी, कांदा, लसूण, मिरची चालते. तुमच्या मेनूतलं काय मिळेल ते कृपया बोटाने दाखवा. धन्यवाद."

पदार्थांची नावं त्यावर लिहू नका, घटकच लिहा. भाषांतर त्या देशातल्या माणसाकडून एकदा वाचून घ्या. स्पेनसाठीच्या कार्डावर आमच्याकडून 'कार्ने' एवढंच गेलं होतं, ते एका स्पॅनिश सहकारिणीने पाहून त्यात कोंबडी, हॅम आणि ट्यूना वेगवेगळे घातले. मागच्या बाजूला मुक्कामाचा पत्ता आणि तुमचा फोन नंबर लिहा. एक प्रत बाबांच्या पाकिटात, एक आईच्या पर्समध्ये.